‘का’ न विचारणाऱ्या बाई

३ नोव्हेंबर, सोमवार

शेठच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. जेट्टीवर दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची, आणि तीही बाहेरून एक बाई बोलावून. मितेशभाई फोनवर म्हणाले, “वर्तकसाहेब, मारी दीकरी बोलते, माणसं बोलत नाय तर बोलतं करणारा माणूस आणा. एक चान्स देऊन बघू ने.” मी बरं म्हटलं. लाँच त्यांच्या, जेट्टी त्यांची, मुलगीही त्यांचीच. मी नुसता मॅनेजर.

तरी नेमकं काय झालंय ते इथे लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणायला नको की वर्तकांनी हातपाय हलवले नाहीत.

न्हावा शेवाला येणारी जहाजं बाहेर नांगर टाकून उभी असतात. त्यांच्यावरची माणसं, भाजीपाला, पिण्याचं पाणी यांची ने-आण आमच्या लाँच करतात. लाँचवरचे सगळे कोळी, करंजा बाजूचे. जेट्टीवर दोर बांधणारे-सोडणारे सगळे आतल्या गावांतले, भातशेतीवाले. आजवर दोघांचं बरं चाललं होतं. दसरा झाला आणि एका सकाळी ‘एकवीरा’ लाँच सुटली तेव्हा तिचा मागचा दोर पाण्यात लोंबत राहिला. थोडं पुढे गेल्यावर तो लाँचच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळला, इंजिन बंद पडलं आणि लाँच वाहत जाऊन खडकावर आदळली. माणसं वाचली हे नशीब. पण तिचा तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, काळूराम सुकाणूवर आपटला आणि त्याचा हात मोडला.

त्या दिवशी दोर सोडायला सदू होता. लाँचवाल्यांचं म्हणणं असं की सदूने दोर लोंबताना पाहिला आणि मुद्दाम गप्प राहिला. गणपतीत गोण्या कोणी उतरवायच्या यावरून बाचाबाची झाली होती, त्याचा त्याने सूड घेतला. आता सदू दोरावर असेल तर एकही लाँच सुटणार नाही. खलाशी स्वतःच जेट्टीवर उडी मारून दोर सोडतात आणि परत लाँचवर उडी मारतात. एक दिवस कोणीतरी मधल्यामध्ये पडणार. शेठने मला सतरा तारीख दिली आहे. तोवर मिटलं नाही तर सदूला काढायचं. असा शिक्का बसून निघालेल्या माणसाला या किनाऱ्यावर दुसरी कुठली जेट्टी उभं करणार? आताच बाजारात लोक त्याच्याकडे बोट दाखवतात, हाच तो, माणसं बुडवायला निघालेला.

चौकशी मी स्वतः केली. केबिनचं दार लावून, रीतसर. दोर लोंबताना दिसला का? सदू म्हणाला, दिसला. ओरडलास का? न्हाय. का नाही ओरडलास? गप्प. पुन्हा विचारलं, का नाही? टेबलावर हात आपटून विचारलं. खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. आता ज्या माणसाला स्वतःची बाजूच मांडायची नाही त्याला मी तरी कसं वाचवणार? बाई येऊन काय वेगळं विचारणार आहे तेही बघू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तयारी जोरात. मागच्या गोडाऊनमध्ये जागा रिकामी केली. ‘कार्यशाळेत आपले सहर्ष स्वागत’ असा फ्लेक्स करून आणला. प्रोजेक्टर सांगितला, पुष्पगुच्छ सांगितला. शेठसाठी आणि बाईंसाठी समोर सोफा. खुर्च्या दोन भागांत मांडल्या, डावीकडे लाँचवाले, उजवीकडे जेट्टीवाले, मध्ये चांगली मोठी वाट, म्हणजे हाणामारी व्हायला नको.

बायकोला, क्रांतीला, घरी चौलला फोन करून सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवून नुकतीच घरी आली होती. म्हणाली, “अहो, लग्न कोणाचं आहे?” हिला कुठल्याच गोष्टीचं गांभीर्य नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाई आल्या. विनिता वानखडे. मूळच्या अकोल्याच्या, आता पुण्याला असतात. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी. कार्यशाळा उद्यापासून, या आजच हजर. मी पुष्पगुच्छ उद्यासाठी ठेवला होता, त्यामुळे पंचाईत झाली.

केबिनमध्ये या म्हटलं तर म्हणाल्या, येते थोड्या वेळाने. आणि जेट्टीवर मासळीच्या पालथ्या क्रेटवर जाऊन बसल्या. दुपार टळेपर्यंत बसल्या होत्या. चहासुद्धा टपरीवरचा घेतला. मी दोनदा जाऊन विचारलं, काही माहिती हवी का, मी सगळी सांगू शकतो. त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं तर मला कळेल, आणि मला कळलं तर मी विचारणार नाही.” हे काय उत्तर झालं? मी हसलो, पण कळलं नाही.

समुद्राबद्दल बाईंना शून्य माहिती. दोर ज्याला बांधतात तो लोखंडी खुंटा त्यांना बसायचं स्टूल वाटला. समुद्र आजवर तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा सहलीत, असं स्वतःच हसत सांगितलं. मला शेठची कीव आली.

मग संध्याकाळी एक गोष्ट घडली आणि मी जरा सावरून बसलो. माझ्या मोबाइलवर शेठचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकून बाईंना दिला. बाईंना म्हणाले, कोण काय बोलला ते मला रोजच्या रोज कळवायचं. बाई शांतपणे म्हणाल्या, “ते नाही जमणार. आणि या दोन दिवसांत कोणी काहीही बोललं तरी त्यावरून कोणाची नोकरी जाणार नाही, हे तुम्ही मला आधी सांगा. नसेल जमत तर काही हरकत नाही, मी रात्रीच्या गाडीने परत जाते.” आमच्या शेठशी असं कोणी बोलत नाही. मी तर नाहीच नाही. शेवटी शेठ म्हणाले, “चालेल. पण सतरा तारीख ते सतरा तारीख.” बाई “हो” म्हणाल्या आणि माझा फोन मला परत दिला. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मी मात्र घामाघूम झालो होतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस कसा लिहू कळत नाही.

सकाळी गोडाऊनमध्ये गेलो तर सोफा बाहेर, प्रोजेक्टर खोक्यात आणि माझ्या फ्लेक्सने खिडकीचा वारा अडवलेला, अक्षरं बाहेरच्या बाजूला. खुर्च्यांचा एकच मोठा गोल केलेला. बाईंची खुर्चीही त्यातच, कुठली ते ओळखूही येऊ नये. मी म्हटलं, बाई, हे लोक शेजारी शेजारी बसणार नाहीत. त्या म्हणाल्या, बघू या. लाँचवाले एकीकडे घोळक्याने बसले, जेट्टीवाले दुसरीकडे. सदू सगळ्यात शेवटी आला आणि दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर टेकला. बाईंनी कोणालाच हलवलं नाही.

मी पॅड घेऊन बसलो होतो, कोण काय बोलतो ते टिपायला. बाईंनी माझं पेन मागितलं आणि दिवसभर परतच केलं नाही. तेवढी एक गोष्ट खटकली.

सुरुवात त्यांनी अशी केली, “मी या कामातली अडाणी आहे. लाँच सुटते म्हणजे काय होतं, मला कोणी सांगाल का?” सगळे एकमेकांकडे बघून हसले. एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते! काळूरामचा पुतण्या साहिल ‘एकवीरा’वर खलाशी आहे, गरम डोक्याचा. तो म्हणाला, “सुटते म्हंजी सुटते. त्यात काय सांगायचं?” बाई म्हणाल्या, “आधी दोर सुटतो की आधी इंजिन?” “आधी इंजिन.” तर जेट्टीवरचा मुकादम बाबाजी मध्येच, “न्हाय, आधी इंजिन, मंग म्होरला दोर, मंग मागला.” साहिल म्हणाला, “त्येच सांगत व्हतो ना.” मी थक्क झालो. दसऱ्यानंतर या दोन गटांत हे पहिलं बोलणं.

त्यानंतर मला फारसं बघायला मिळालं नाही, कारण बाईंनी माझ्यावर एक महत्त्वाची जबाबदारी टाकली. उद्यासाठी एक लांब दोर हवा होता, आणि तो नवा नको, वापरातलाच हवा. म्हणाल्या, हे तुम्हीच करू जाणे. मी निवडून आणला तर आणखी थोडा लांब हवा होता. मग चहाचं बघायला सांगितलं. मग तो चहा दोन प्रकारचा हवा, साखरेचा आणि बिनसाखरेचा. मी बाहेर पडलो की आतून हशा ऐकू यायचा, आत आलो की सगळे शांत व्हायचे. माझ्या मते चहाचा परिणाम. माणसाला वेळेवर गरम चहा मिळाला की तो खुलतो.

जेवढं बघितलं त्यातली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. बाई प्रश्न विचारतात आणि मग गप्प बसतात. तोंडाने नव्हे नुसत्या, सगळ्या अंगाने गप्प. उत्तर आलं नाही तर आपण प्रश्न फिरवून विचारतो, निदान खोकतो तरी. या नाही. दुपारी त्यांनी विचारलं, “दसऱ्यानंतर इथे काय बदललं?” कोणी बोलेना. मी म्हटलं आता काहीतरी बोलावंच, तेवढ्यात गळ्यात हात अडकवून बसलेला काळूराम म्हणाला, “पानी प्यायला जेट्टीवर येत न्हाय आमी आता. घरनं आनतो.” बास, एवढंच. पण हे ऐकून जेट्टीवाल्यांच्या माना खाली गेल्या. बाबाजी उठला, कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं आणि काळूरामसमोर धरलं. काळूरामने डाव्या हाताने घेतलं. बाई काही बोलल्या नाहीत, छान केलंत असंही नाही.

सदू दिवसभर एक अक्षर बोलला नाही. बाईंनी त्याला विचारलंही नाही. मी आठवण करून दिली की तुमच्याकडे आता एकच दिवस आहे. त्या म्हणाल्या, “तो आलाय आणि बसलाय. आज तेवढं पुरे.”

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजच लिहायला हवं. उद्या लिहिलं तर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी बाई म्हणाल्या, काल तुम्ही मला लाँच सुटताना काय होतं ते सांगितलंत. आज दाखवा. गोडाऊनमध्येच. प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या, ती ‘एकवीरा’. फरशीवर खडूची रेघ, ती जेट्टी. पाण्याचा रिकामा पिंप म्हणजे खुंटा. समोरची भिंत म्हणजे खडक. मी आणलेला दोर शेवटच्या खुर्चीला बांधला. मग म्हणाल्या, “एकच बदल. लाँचवाल्यांनी जेट्टीवर उभं राहायचं, जेट्टीवाल्यांनी लाँचमध्ये बसायचं.”

कुरकुर झाली, पण कालच्यापेक्षा कमी. बाबाजी पहिल्या खुर्चीवर तांडेल म्हणून बसला. सदूला सगळ्यांनी मिळून मागच्या खुर्चीवर ढकललं, खलाशाच्या जागी, म्हणजे साहिलच्या जागी. आणि साहिल खडूच्या रेघेवर उभा राहिला, सदूच्या जागी. त्याच्या शेजारी काळूराम.

मी विचारलं, मी काय करू? बाई म्हणाल्या, “तुमचं काम सगळ्यात मोठं. तुम्ही समुद्र.” आणि मग हळूच, “समुद्र बोलत नाही हं, वर्तकसाहेब. दोराच्या टोकावर नुसता पाय ठेवून उभे राहा.” खरं सांगतो, मला बरं वाटलं. समुद्र नसता तर सगळं नाटकच कोरडं झालं असतं.

“त्या दिवशी जसं झालं तसंच,” बाई म्हणाल्या. साहिलने पिंपावरून दोर सोडला आणि फेकला. सदूने तो ओढायला घेतला, पण टोकावर माझा पाय. अर्धा दोर त्याच्याकडे, अर्धा फरशीवर. बाबाजीने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला, सगळे हसले, आणि जेट्टीवाले बसल्या बसल्या खुर्च्या पुढे सरकवायला लागले. दोर माझ्या पायाखालून निसटून मागे फरफटत चालला. मी अगदी समोर होतो, म्हणून साहिलचा चेहरा मला स्वच्छ दिसला. त्याने दोर पाहिला. डोळे मोठे झाले, हात वर गेला, तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

तोंड तसंच उघडं, हात तसाच वर. खुर्च्या फरफटत भिंतीपर्यंत गेल्या आणि बाबाजीचे गुडघे भिंतीला लागले. कोणी हसलं नाही.

मी बाईंच्या जागी असतो तर ओरडलो असतो, अरे का नाही ओरडलास! शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते, पण मी समुद्र होतो. बाई जागच्या हललेल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “साहिल, दोर दिसला?”

“दिसला.”

“मग काय झालं?”

“हाक तोंडात आली.”

“मग?”

“मंग... न्हाय मारली.” साहिल स्वतःच्याच हाताकडे बघत होता, तो अजून वर का आहे असं. “बोट सुटली व्हती ना.”

बाई गप्प. शेवटी काळूरामच बाईंना सांगायला लागला, लहान पोराला सांगावं तसं, “बाई, आमच्यात सुटल्या बोटीला मागनं हाक मारत न्हाईत. जानाऱ्याला मागं वलवायचं न्हाय. वलवला का दर्या त्याला सोडत न्हाय, म्हनतात. बायकोपोरंपन मारत न्हाईत. कायपन इसरलं तरी...” आणि बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्याला दिसलं होतं. आम्हा सगळ्यांना एकाच वेळी दिसलं. सगळ्यांच्या माना सदूकडे वळल्या.

सदू भिंतीजवळच्या खुर्चीवर पाठमोरा बसला होता. वळला नाही. भिंतीकडे बघूनच बोलला, “मी मारली व्हती एकदा. नवा व्हतो तवा. तुमचा डबा जेट्टीवर ऱ्हायला व्हता, दादा. मना काय म्हाईत, आमी शेतावर या बांधावरनं त्या बांधावर हाका मारतो. तुमी लाँच वलवून आनलीत. नारळ फोडलात. मंग मना बोललात, शेतावर हाका मारतात, दर्यावर न्हाय. आज मारलीस, परत मारू नको.”

काळूराम म्हणाला, “व्हय. मीच बोललो.”

“त्या दिवशी दोर दिसला मना. हाक पार हितवर आली.” सदूने गळ्याला हात लावला. “तुमचा सबूद आठवला.”

आणि मग सदू रडायला लागला. काळूराम खडूची रेघ ओलांडून त्याच्याजवळ गेला. म्हणाला, “मंग येवढे दिवस बोलला का न्हायस?” आज या गोडाऊनमध्ये ‘का’ विचारणारा तो पहिला माणूस. सदू म्हणाला, “तुमचा हात मोडलेला. त्यात कसा बोलू का तुमीच सांगितलंत?”

लाँचवाल्यांपैकी कोणाला वर बघवेना. साहिल बाहेर निघून गेला आणि तोंड धुऊन परत आला. मीही डोळे पुसले. समुद्राने रडू नये असं काही बाई म्हणाल्या नव्हत्या.

मला धक्का बसला तो याचा की ही गोष्ट मलाही ठाऊक होती! आमच्या चौलच्या घरीसुद्धा निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. मी सोमवारी चष्मा विसरून निघालो तर क्रांती दारातून बघत राहते आणि मी रेवसला पोचलो की फोन करते. दर महिन्याला हे होतं. पण केबिनमध्ये सदू समोर उभा होता तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि ज्या बाईला खुंटा म्हणजे स्टूल वाटला तिने ते काढलं. कसं काढलं? मी समोर होतो, सगळं पाहिलं. खुर्च्या, खडू आणि एक दोर, याखेरीज तिच्या हातात काही नव्हतं. देवाशपथ सांगतो, मी असं काही आयुष्यात पाहिलेलं नाही.

दुपारनंतर पुढे काय करायचं यावर बोलणं झालं. मी शिट्टी सुचवली. साहिल म्हणाला, इंजिनापुढं शिट्टी ऐकू येत न्हाय. कोणी घंटा म्हणालं, कोणी मोबाइल. बाबाजी म्हणाला, रिंग वाजून तांडेल खिशात हात घालीपर्यंत दोर पंख्यात. सगळे काळूरामकडे बघत होते. तो संध्याकाळी कोणाचा निरोप न घेता उठला आणि निघून गेला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाई गेल्या. उपाय न देता! मी त्यांना सोडायला उरणच्या स्टँडपर्यंत गेलो आणि सरळ विचारलं, “बाई, सदूचं तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? खरं सांगा.”

“नाही हो. मला काही माहीत नव्हतं. एवढंच दिसलं की दोघं एकमेकांच्या जागी कधी उभे राहिलेले नाहीत.”

“पण पुढे काय? काळूराम तर निघून गेला. सतरा तारखेला शेठ येणार.”

“पुढचं त्यांना ठरवू द्या.”

“आणि नाही ठरवता आलं तर?”

“तर ते मलाही आलं नसतं,” त्या म्हणाल्या. “मी अजून दोन दिवस राहिले तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघत राहतील. आता त्यांनी एकमेकांकडे बघायला हवं.” मग माझं पेन मला परत दिलं आणि म्हणाल्या, तुमचा समुद्र फार छान झाला.

आजार शोधून औषध न देता जाणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो? पण गाडी निघाली तेव्हा मी हात जोडून उभा होतो. गाडी वळेपर्यंत उभा होतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चौलला आलोय. काळूराम काल जेट्टीवर आला नाही. साहिल सांगत होता, तो रोज सकाळी किनाऱ्यावर एकटा जाऊन बसतो, घरात कोणाशी बोलत नाही. त्याची आई नव्वदीला आली आहे, हाकेचा नुसता विषय निघाल्यावर तिने म्हणे दोन्ही हातांनी कान झाकले. मी समजू शकतो. आपल्याला सुचवायला काय जातं, समुद्रावर त्यांना जायचं असतं.

क्रांतीला सगळं रंगवून सांगितलं. ती सुपारी सोलता सोलता ऐकत होती. म्हणाली, “तुम्ही केबिनमध्ये विचारलंत तेव्हा सदू का नाही हो बोलला?” मी म्हटलं, बुजरा आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “बरं.”

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेठ सकाळीच आले. सदू धुतलेला शर्ट घालून खुंट्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा होता. काढलंच तर सरळ घरी जाता यावं म्हणून जेवणाचा डबाही आणला नव्हता, असं बाबाजीने मला सांगितलं.

‘एकवीरा’ दुरुस्त होऊन पहिल्यांदा निघायची होती. काळूराम आला. प्लास्टर निघालंय, हात बारीक आणि पांढरा दिसतो. सुकाणूवर साहिल बसला आणि काळूराम लाँचच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला. एका खलाशाने नेहमीसारखी जेट्टीवर उडी मारायला पाय उचलला तर काळूरामने त्याला धरलं. मग सदूकडे बघून म्हणाला, “दोर कोन सोडनार? माझा बापूस?”

सदू धावत आला. हाताला घाम आला असावा, दोन्ही हात पँटला पुसले. पुढचा दोर सोडला, मग मागचा. काळूरामने तो चांगल्या हाताने ओढून पुरता आत घेतला, टोक वर धरून सगळ्यांना दाखवलं आणि खाली ठेवलं. लाँच सुटली. मला वाटलं, चला, मिटलं. शेठकडे बघून मी हसलोसुद्धा.

पण थोडं पुढे जाऊन लाँच थांबली. साहिलने इंजिन अगदी बारीक केलं. काळूराम वळला आणि जेट्टीकडे पाठ करून उभा राहिला. समोर मोकळा समुद्र. तो काही बोलला नाही, खूण केली नाही. नुसता पाठमोरा उभा राहिला, वाट बघत.

जेट्टीवरचं सगळं काम थांबलं. बाजूच्या लाँचवरचे खलाशी कठड्याशी येऊन उभे राहिले. शेठ म्हणाले, “शुं थयुं? इंजिन खराब?” मी त्यांच्यासमोर हात आडवा धरला आणि गप्प राहायला सांगितलं. शेठला. मला नंतर घाम फुटला, तेव्हा काही वाटलं नाही.

सदूला कळलं होतं. त्याचे ओठ हलत होते. बाबाजी त्याच्या कानाशी लागून म्हणाला, “मार रं. दादा थांबलाय.” सदूने मान हलवली, नको म्हणून. लाँच पाण्यावर हलत होती. काळूरामची पाठ हलत नव्हती. बापजाद्यांनी जे कधी केलं नाही ते तो उभं राहून मागत होता.

मग सदूने दोन्ही हात तोंडाशी नेले.

“काळूदादाऽऽऽ!”

काळूराम पुरता मागे वळला. मोडलेला हात जमेल तेवढा वर केला आणि ओरडला, “ओऽ रं, सदू!” साहिलने इंजिन वाढवलं आणि लाँच जहाजांकडे निघून गेली.

त्यानंतर कोणी जागचं हललं नाही. कोणी कोणाला थांब म्हटलं नव्हतं, तरी सगळे पाण्याकडे तोंड करून बसून राहिले. शेठसुद्धा मासळीच्या क्रेटवर बसले. बारा वाजून गेल्यावर ‘एकवीरा’ परत आली. साहिलने दोर फेकला, सदूने झेलला. काळूराम उतरला, सरळ माठाकडे गेला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “दुपारच्या लाँचलापन मारायची हाक. रोज मारायची.” शेठ गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, “सदूला राहू दे.”

दुपारी दुसरी लाँच सुटली तेव्हा मी केबिनमध्ये, दार लावून बसलो होतो. तरी हाक आत आली. एवढी वर्षं सदू माझ्या खिडकीसमोर उभा असतो. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं.